बिनश्रीचा मजकूर

सन १९९८च्या अखेरीस माणगंगा चर्चागटाची सभासदसंख्या दोनशे बारा झाली आणि गटासमोर पहिला गंभीर प्रश्न उभा राहिला. माणदेशातून पोटापाण्यासाठी बाहेर पडलेली माणसं, कुणी बेंगळुरात संगणकावर, कुणी कोचीनला सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या भट्टीवर, कुणी आखातात, इंटरनेटवरून एकमेकांना पत्रं लिहीत. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. एकानं लिहिलं की ते दोनशे बारा जणांना जाई. गावाकडं पाऊस झाला का, खरसुंडीच्या यात्रेला कोण कोण येणार, असं सगळं सुरळीत चाललेलं होतं. प्रश्न असा उभा राहिला, की ही पत्रं साध्या अक्षरांत लिहायची की रंगवून.

हा प्रश्न गंभीर आहे हे दोनशे अकरा जणांना कळलं नव्हतं. ते एकट्या दादासो पुकळ्यांना कळलं. दादासो गटाचे संयोजक, म्हणजे प्रत्येक पत्र आधी त्यांच्याकडं येई आणि त्यांनी पुढं सोडलं तरच बाकीच्यांना जाई. सांगलीच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली होती आणि तेवढ्या काळात त्यांच्या टेबलावरून बिननंबराचा एकही कागद पुढं सरकला नव्हता. निवृत्त झाल्यावर ते घरातल्या भांड्यांना नंबर घालायला लागले, तेव्हा मुलगी मंगल, जी शाळेत विज्ञान शिकवायची, तिनं घरात संगणक आणला. गट काढणारा राजरत्न बेंगळुरात नोकरीला होता. त्याचे वडील धम्मपाल हे कचेरीत दादासोंच्या शेजारच्या टेबलाला बसत, त्यामुळं घरोबा जुना. काकांचा वेळ जाईल म्हणून त्या बिचाऱ्यानं गटाचा कारभार त्यांच्याकडं सोपवला. वेळ गेला, पण तो गटाचा.

दादासो आलेलं प्रत्येक पत्र छापून घेत. त्याला आवक नंबर देत, शिक्का मारत, भोक पाडून फायलीला लावत. शिवाय गावाकडच्या ज्या नातलगांकडं संगणक नव्हता, अशा त्रेचाळीस घरांना ते त्या पत्राची छापील प्रत टपालानं पाठवत. हे काम मात्र खरोखर चांगलं होतं, खोटं कशाला बोला. आखातातल्या पोराची खुशाली आठ दिवसांत जतच्या आईच्या हातात पडायची.

आता दादासोंनी घेतलेलं इंटरनेटचं खातं सगळ्यांत साधं होतं. त्याला फक्त अक्षरं दिसत. रंग, चित्रं, जाड ठसा यांतलं काही दिसत नसे. राजरत्ननं त्या दिवाळीला रंगीत पत्र धाडलं. पत्र तीन ओळींचं, पण दादासोंच्या यंत्रातून अकरा पानं निघाली आणि सगळी कंसांनी भरलेली. दुसरा कुणी असता तर त्यानं ती बंबात घातली असती. दादासोंनी लाल पेन्सिल घेऊन अकराही पानं वाचली आणि शेवटी शेरा मारला, की मजकुरात ‘फॉन्ट’ नामक इसमाचा बेचाळीस वेळा उल्लेख आहे, सदर इसमाचा गटाशी संबंध काय, याचा खुलासा व्हावा.

राजरत्ननं खुलासा केला की ते रंग आहेत काका, तुमच्या खात्याला दिसत नाहीत एवढंच. दादासोंनी उलट टपाली कळवलं, की जे कचेरीला दिसत नाही ते अस्तित्वात नाही.

त्यातच कोचीनहून एका गलाईवाल्याचं पत्र आलं. वर बिरोबा, सिद्धनाथ, खंडोबा, म्हाकुबाई, दोन्ही गावांच्या लक्ष्म्या आणि तीन गुरू असे नऊ जण प्रसन्न, खाली टिंबं-फुल्यांची वेलबुट्टी, आणि मजकूर एका शब्दाचा: ‘पोचलो.’ दादासोंच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांनी त्याच दुपारी आठ कलमांची नोटीस काढली. ती गटाच्या इतिहासात महत्त्वाची असल्यामुळं इथं जशीच्या तशी देत आहोत.

‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, कलम एक: मजकुरास रंग लावू नये. कलम दोन: अक्षर जाड, तिरके अथवा मोठे करू नये. कलम तीन: चित्र, वेलबुट्टी, तारे, चांदण्या यांस मनाई आहे. कलम चार: मजकुराच्या डोक्यावर श्री, देवदेवता, महापुरुष अथवा गुरू यांचे नाव घालू नये, हा नियम सर्व धर्मांस व पंथांस सारखा लागू राहील. कलम पाच: एका ओळीत बहात्तरपेक्षा जास्त अक्षरे नसावीत. कलम सहा: जे विषयाच्या रकान्यात लिहिले ते मजकुरात पुन्हा लिहू नये. कलम आठ: आनंद, दुःख व राग या भावना पूर्णविरामाने व्यक्त कराव्यात. नियमबाह्य मजकूर न वाचता परत केला जाईल.’

गटात तीन आठवडे रणकंदन माजलं. रंगवाले आणि साधेवाले असे दोन तट पडले. दुबईच्या एकानं सातारच्या साडूशी बोलणं टाकलं. राजरत्ननं विचारलं, की नमस्कार हा मजकूर धरायचा की सजावट. त्यावर समिती नेमली गेली. पावसाचं कुणी विचारलं नाही, आणि त्या साली तो लय बरा झाला होता.

इकडं दादासोंच्या घरात वेगळीच घालमेल चालली होती. मंगलला फलटणचं स्थळ आलं होतं. मुलगा राजवर्धन, राजरत्नच्याच कंपनीत, बेंगळुरात, आणि गटाचा सभासदही. त्याचे वडील आप्पासो साखर कारखान्यात शेतकी अधिकारी होते. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले. मुलगा-मुलगी परसात अर्धा तास बोलली आणि दोघंही हसत परत आली. मंगलला मुलगा मनापासून आवडला होता, हे तिनं आईला तोंडानं सांगितलं. याआधी चार स्थळं नुसतीच पोहे खाऊन गेली होती. या खेपेला मुलाची आत्या आक्काताई सोबत होत्या. दम्यानं हैराण, निम्मा वेळ खोकत होत्या, पण घरात त्यांचा शब्द चाले. जाताना आप्पासो एवढंच म्हणाले, की घरी विचार करून कळवतो.

बारा दिवस झाले तरी कळवणं आलं नाही. मंगलची आई अंबूबाई दर तासाला फोन उचलून जिवंत आहे का बघायची. फोन जिवंत होता, पण त्याच्या तारेतून दादासो सकाळपासून गटाची पत्रं उतरवून घेत बसलेले. फलटणहून आप्पासोंनी एकोणीस वेळा फोन लावला आणि एकोणीस वेळा तो व्यस्त लागला. शेवटी त्यांनी पोराला कळवलं, की आता तुमच्या त्या गटावरूनच निरोप धाड.

राजवर्धननं निरोप तयार केला. पण शुभ निरोप कोरा कसा पाठवायचा? पसंतीच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लागतं, वर श्री लागतो. राजरत्न या कामात तरबेज. त्यानं वर लालभडक श्री घातला, गणपती बसवला, चारी कोपरे पिवळे केले, आणि मधे आप्पासोंचा मजकूर टाकला, की आपली कन्या आम्हांस पसंत आहे. दादासोंची नोटीस दोघांनाही ठाऊक होती. पण होणाऱ्या सासऱ्याला एवढं तर चालेल, असं पोरांना वाटलं.

दादासोंच्या पडद्यावर कंस आले. पाठवणाऱ्याचं नाव त्यांनी वाचलं. क्षणभर त्यांचा हात थांबला, हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. मग त्यांनी शेरा घातला, ‘कलम एक ते चारचा भंग. अपात्र. साध्या मजकुरात फेरसादर करावे,’ आणि पत्र परत धाडलं. जेवताना त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं, की अंबूबाईच्या हातातलं कालवणाचं भांडं कलंडलं.

“आवं, निदान बगायचं तरी, व्हय म्हनत्यात का न्हाई म्हनत्यात.”

“वाचलं की दाखल झालं,” दादासो म्हणाले. “दाखल झालं की नियम मोडला. उद्या लोक म्हनतील, जावयाला सवलत दिली.”

“आवं, त्यो अजून जावई झाला न्हाई. आनि तुमी असताना व्हतबी न्हाई.”

मंगल ताटावरून उठली आणि दोन दिवस बापाशी बोलली नाही. दादासोंना ते लागलं. त्यांनी परत केलेल्या पत्रांच्या यादीत ते नाव तीनतीनदा काढून पाहिलं. पण पत्र काही परत मागवलं नाही.

फलटणला आक्काताईंनी कपाळाला हात लावला. श्री घालून धाडलेलं पत्र माघारी येतं म्हणजे काय? त्यांच्या मते हे लक्षण धड नव्हतं. आप्पासोही चिडले, पण पोरगा हटून बसला. त्यानं नोटीस समोर ठेवून, एकेक कलम तपासत नवा मजकूर लिहिला. विषयाच्या रकान्यात ‘साखरपुडा’. तो शब्द कलम सहाप्रमाणं खाली पुन्हा आला नाही. खाली फक्त एवढंच: ‘येत्या रविवारी सकाळी दहाच्या आत फलटणला आमच्या घरी यावे. सर्वांना कळवावे. आप्पासो.’

दादासोंना गहिवरून आलं. हा आनंद मुलीचं जमल्याचा होता की बहात्तर अक्षरांत बसलेल्या ओळींचा, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी सगळ्यांना आदर्श मजकूर म्हणून तो दाखवला आणि मंगलला हाक मारली. मंगलनं वाचलं, ती हसली, आईच्या गळ्यात पडली. घरात पुरण शिजलं.

मग दादासो जावकाच्या कामाला बसले. ज्या कागदावर पत्र छापलं जाई, त्याच्या वरच्या पट्टीवर तारीख, पाठवणारा आणि विषय येत. ही पट्टी दप्तराची. ती ते कात्रीनं कापून फायलीला लावत आणि खालचा मजकूर टपालात टाकत. त्रेचाळीस पट्ट्या कापल्या गेल्या, त्रेचाळीस कागद रवाना झाले. अंबूबाई म्हणाली, की थोरल्या भावजींकडं तरी माणूस धाडा. दादासो म्हणाले, एका विषयावर दोनदा पत्रव्यवहार होत नसतो. कोंडीबादादांच्या लखोट्याचा जावक नंबर चारशे सोळा आहे.

दादासोंचे थोरले बंधू कोंडीबा आटपाडीच्या पुढं गावाकडं राहायचे. शुक्रवारी लखोटा पोचला. अक्षरं इंग्रजी असल्यानं ते तो घेऊन मिलिट्रीतून रिटायर झालेल्या कृष्णातकडं गेले. नोटिशीच्या आधी आलेल्या अशा कागदावर निदान ‘श्री बिरोबा प्रसन्न’ असायचं. हा कागद कोरा ठणठणीत. वर श्री नाही, कोपऱ्याला कुंकवाचा ठिपका नाही, काळी अक्षरं. आपल्याकडं असा कागद एकाच प्रसंगी येतो, आणि तो का येतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. कृष्णातनं एकदा वाचलं, टोपी काढली.

“दादा, फलटनची आक्काताई गेली वाटतं.”

आक्काताईंचा दमा कोंडीबांनी बघण्याच्या कार्यक्रमात बायकोसह पाहिला होता आणि गावभर सांगितला होता. त्यांनी विचारलं, की नाव लिवलंय का. कृष्णात म्हणाला, मिलिट्रीत असल्या तारेत नाव कधी नसायचं, दहाच्या आत या म्हणलं की समजायचं. रीतीप्रमाणं असला कागद वाचला की घरात ठेवत नाहीत. कोंडीबांनी तिथल्या तिथं फाडला, पायरीवर टाकला, आणि घराकडं वळून बायकोला, सुलाबाईला, हाक दिली.

रविवारी फलटणला आप्पासोंच्या अंगणात मांडव पडला होता. केळीचे खांब, सनई, जरीकाठी लुगड्यात आक्काताई दारातच खुर्ची टाकून बसलेल्या. दादासो गुलाबी फेटा बांधून आदल्या दिवशीच सहकुटुंब आले होते. मंगल आत नटत होती. साडेनऊला गल्लीच्या तोंडाशी टेंपो थांबला आणि त्यातून अडतीस माणसं उतरली. गड्यांच्या डोक्यावर टोपी नाही. बायांच्या हातात भाकरी-पिठल्याची तीन गाठोडी, कारण दुःखाच्या घरात चूल पेटत नाही. सुलाबाईनं कोपऱ्यावरच पदर तोंडाला लावला आणि सूर धरला.

त्या भागात सुलाबाईसारखं रडणारं दुसरं माणूस नाही. तिनं आक्काताईंचे हात आठवले, त्या हातची कधी न चाखलेली शेवयांची खीर आठवली, एकदाच भेटली ती माउली आणि पोहे खाऊन गेली म्हणून गल्ली दणाणून सोडली. सनईवाला थांबला. आक्काताई शांतपणे सगळं ऐकत होत्या. सुलाबाई रडत रडत दारापर्यंत आली, पदर बाजूला केला आणि समोर लुगड्यात बसलेल्या आक्काताईंकडं बघत राहिली.

“तुमी हाय व्हय?” ती म्हणाली. “मग गेलं कोन?”

आक्काताईंना खोकला आला. तो ओसरल्यावर त्या म्हणाल्या, “दारात माजंच रडं आलं. ही सोयरीक व्हायची न्हाई.” आप्पासो खाली बघत राहिले. ताईचा शब्द त्या घरात कुणी कधी मोडला नव्हता.

कोंडीबांना कागद दाखवा म्हणाले, तर कागद फाडलेला. दादासोंना विचारलं, तर त्यांनी ऐटीत पिशवीतून फाईल काढली आणि वरची पट्टी दाखवली. पट्टीवर ‘साखरपुडा’ स्वच्छ होतं. दप्तर निर्दोष होतं. नियमही निर्दोष होते. फक्त आतून मुलीच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि तो सुलाबाईसारखा सुरात नव्हता.

तेव्हा राजरत्न पुढं आला. तो पोरगा खट्याळ, त्यानं आहेर म्हणून एक चौकट आणली होती. बेंगळुरात रंगीत छापून घेतलेलं, दादासोंनी अपात्र ठरवलेलं पहिलं पत्र तिच्यात बसवलं होतं. काकांची जरा गंमत करावी, एवढाच त्याचा बेत. त्यानं ती चौकट आक्काताईंच्या मांडीवर ठेवली.

“आत्या, हे पयलं पत्र. त्या कागदाच्या आधी आठ दिवस धाडलेलं. काकांनी माघारी धाडलं.”

आक्काताईंना वाचता येत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. त्यांनी लाल श्री बघितला, गणपती बघितला, पिवळे कोपरे बोटानं चाचपले. पहिला कागद शुभाचा, मग मागून आलेल्या कागदाला कोण विचारतंय, असं त्यांनी ठरवलं. पण त्यांची एक अट होती. हा कागद मुलीच्या बापानं सगळ्यांसमोर स्वीकारला पाहिजे.

दादासोंनी चष्मा पुसला. ते हळू आवाजात म्हणाले, की हे पत्र दप्तरात नाही, अपात्र मजकूर मागाहून दाखल करून घेण्याची तरतूद नाही. तेवढ्यात मंगल दारात येऊन उभी राहिली. डोळ्यांतलं काजळ गालावर आलेलं.

“आबा,” ती म्हणाली, “मग मीबी दप्तरात न्हाई असं समजा.”

दादासोंनी तिच्याकडं बघितलं. एकतीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. त्यांनी पिशवीतून शिक्का काढला, चौकटीच्या काचेवर मारला, आणि नंबर न घालता सही केली. काच गुळगुळीत, म्हणून सही जरा तिरकी आली. सनई पुन्हा सुरू झाली. सुलाबाईनं आणलेलं पिठलं-भाकर पंगतीत सगळ्यात आधी संपलं.

सोमवारी दादासोंनी ही हकिकत गटाला कळवली. अडतीस उत्तरं आली. एकवीस जणांचं म्हणणं, शिक्का काचेवर नव्हे कागदावर हवा होता. सतरा जणांनी दाखवून दिलं, की त्यांच्या पत्रातली चौथी ओळ त्र्याहत्तर अक्षरांची आहे. अभिनंदन कुणी केलं नाही.

दादासो त्या दिवसापासून रंगाचे झाले. लग्नाची पत्रिका त्यांनी स्वतः उभं राहून छापून घेतली. अकरा देव, दोन गणपती, सोनेरी वेलबुट्टी, चौसष्ट निमंत्रकांची नावं, आत अत्तराचा बोळा. सातशे पत्रिका वाटल्या. जो तो हातात घेऊन म्हणाला, वा, याला म्हणतात पत्रिका. आक्काताईंनी भिंतीला लावली. कृष्णातनं फस्ट क्लास असा शेरा दिला. लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा मंगलनं एक पत्रिका उघडली आणि विचारलं, “आबा, तारीख कुटं हाय?”

तारीख नव्हती. सातशे घरांत पत्रिका पोचली होती आणि एकानंही विचारलं नव्हतं. चूकदुरुस्तीचं साधं पत्र पाठवावं, तर लोक न वाचता फाडून टेंपो भरून येणार. शेवटी राजरत्न आणि कृष्णात मोटारसायकलवर सातशे घरं हिंडले आणि तारीख तोंडी सांगून आले. तेवढा एक निरोप लोकांना नीट कळला. लग्न छान झालं.

दादासो पुकळ्यांना हसणं सोपं आहे. तुम्हीही हसला असाल. कागद बघायचा नसतो, मजकूर वाचायचा असतो, हे तुम्हांला त्यांनी सांगायची गरज नाही, तुम्ही शब्दन् शब्द वाचणारे आहात. मग मघाशी आठ कलमांची नोटीस जशीच्या तशी दिली, तिच्यात कलम सात नव्हतं, ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. नसेल, तर संकोचू नका. गटातल्या दोनशे अकरा जणांनीही अजून ते विचारलेलं नाही, आणि त्यात काय होतं, ते आता दादासोंनाही आठवत नाही.